कॅम्परव्हॅनची मागची बॅटरी रात्रीत का संपते? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

गाडी दिवसभर पळालेली असते, तरी रात्री दोन-तीनच्या सुमारास फ्रीज पिप-पिप करून बंद पडतो. पंखा मंदावतो. सकाळी नळ उघडावा तर पाण्याचा पंप नुसता गुरगुरतो. हे सगळं चालतं मागच्या बॅटरीवर, म्हणजे इंजिनच्या पुढच्या बॅटरीखेरीज राहण्याच्या भागासाठी बसवलेल्या दुसऱ्या बॅटरीवर. नवी मुंबईत तुर्भ्याला मी गाड्यांचं वायरिंग करतो आणि कॅम्परव्हॅनवाल्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे. बहुतेकजण येतानाच ठरवून येतात की बॅटरी गेली. काहींनी तर ती एकदा बदललेलीही असते, आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच सुरू झालेलं असतं.

बॅटरी खरंच खराब निघते, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोष गाडी बांधतानाच राहिलेला असतो: बारीक वायर, कोंडलेला फ्रीज, रंगावर कसलेला अर्थ (बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडतात तो जोड), किंवा नव्या इंजिनाला न जुळणारा रिले (पुढची आणि मागची बॅटरी आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच). त्यात बॅटरी अशा जागी बसवतात की पलंगाची फळी आणि गादी काढल्याशिवाय हात पोहोचत नाही, म्हणून कोणी बघतच नाही.

आधी लक्षणं ओळखा

"बॅटरी टिकत नाही" हे वरवर एकच गाऱ्हाणं वाटतं, पण त्यात निरनिराळे दोष लपलेले असतात. तुमच्या गाडीत यातलं काय घडतं ते आधी ठरवा.

- घरी प्लग लावून चार्ज केली की रात्रभर टिकते, पण नुसत्या प्रवासावर भरत नाही. चार्जिंगच्या वाटेत दोष आहे.
- दिवे, पंखा ठीक, फक्त फ्रीज बंद पडतो, आणि दारापाशी लावलेलं मीटर तेव्हाही 12.3 व्होल्ट वगैरे दाखवतं. फ्रीजच्या वायरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये दोष आहे.
- गाडी सोसायटीत दहा-पंधरा दिवस नुसती उभी, आणि बॅटरी झोपलेली. काहीतरी चालू राहिलंय.
- उन्हाळ्यात सगळं ठीक होतं, पावसाळ्यात सुरू झालं. गंज, नाहीतर सोलर.
- भरायलाही पटकन भरते आणि रिकामीही पटकन होते. इथे मात्र बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे.

एकाच गाडीत दोन लक्षणं एकत्र असू शकतात. तशी असतील तर खालचा क्रम सोडू नका, कारण स्वस्त दोष काढून टाकल्याशिवाय महाग दोष नीट दिसत नाही.

फुकटातली तपासणी: इन्व्हर्टर आणि एक रात्र

मोबाइल चार्ज करायला म्हणून इन्व्हर्टर लावतात आणि तो चोवीस तास चालू ठेवतात. 1000 वॉटचा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू असला तरी साधारण एक अँपिअर खातो. दिवसाला 24 अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) गेले. 100 अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्माच साठा वापरावा, म्हणजे हातात 50. त्यातले 24 इन्व्हर्टरनेच संपवले. मोबाइलसाठी 12 व्होल्टवर चालणारा यूएसबी सॉकेट लावा आणि इन्व्हर्टर लागेल तेवढ्यापुरताच चालू करा. त्याचा स्विच सीटखाली दडवलेला असेल तर रिमोट स्विच दाराजवळ आणून घ्या. माझ्या मते ही सोय गाडी बांधतानाच द्यायला हवी.

आता एक रात्र प्रयोग करा. संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरा, दोन तास नुसती राहू द्या, व्होल्टेज लिहून ठेवा. मग मेन स्विच बंद करा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा जवळपास तोच असेल तर बॅटरी चार्ज धरून ठेवते आहे, खाणारं काहीतरी बाहेर आहे. मेन स्विच बंद असूनही आकडा बराच उतरला, तर एकतर बॅटरी कमकुवत आहे, नाहीतर मेन स्विच टाळून थेट बॅटरीवरून कुठली तरी वायर घेतलेली आहे. नंतर बसवलेले स्टिरिओ, ट्रॅकर आणि कॅमेरे असेच थेट जोडलेले सापडतात. एक सूचना: गॅसगळतीचा अलार्म या यादीत घालून तोडू नका. गाडीत सिलिंडर असेल तर तो अलार्म चालूच राहायला हवा, आणि तो फार वीजही खात नाही.

फ्रीजला श्वास घ्यायला जागा आहे का?

आपल्याकडे हा दोष फार दिसतो आणि तो संपूर्णपणे सुताराच्या कामाचा आहे. फ्रीज कपाटात घट्ट बसवतात, दिसायला सुरेख दिसतो, पण कॉम्प्रेसरची गरम हवा बाहेर जायला वाटच नसते. 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना साधारण 4 अँपिअर घेतो. नीट हवा मिळाली तर तो अर्धा वेळ चालतो, अर्धा वेळ थांबतो. दिवसाचे झाले 48 अँपिअर-अवर. कोंडला की तो थांबतच नाही आणि तोच आकडा 96 वर जातो. मे महिन्यात तुर्भ्याला किंवा वागळे इस्टेटला पत्र्याखाली उभ्या गाडीत हे हमखास होतं.

तपासायचं कसं? रात्री सगळं शांत असताना अर्धा तास फ्रीजजवळ बसा. कॉम्प्रेसर एकदाही थांबला नाही, तर कपाटाला खाली आणि वर जाळी पाडून घ्या. खालून थंड हवा आत, वरून गरम बाहेर. कॉम्प्युटरचा छोटा 12 व्होल्टचा पंखा लावला तर आणखी बरं. खर्च काही शेकड्यांत, आणि बॅटरीवरचा भार इतका उतरतो की पुष्कळ गाड्यांचं काम इथेच संपतं.

फ्रीजवर बॅटरी संरक्षणाचं सेटिंगही बघा: हाय, मीडियम, लो. 'हाय' गाडीच्या इंजिनच्या बॅटरीसाठी असतं. त्यावर फ्रीज साधारण 11 व्होल्टच्या आसपासच स्वतःला बंद करतो. मागची बॅटरी वेगळी असेल तर 'मीडियम' ठेवा. 'लो' ठेवू नका, लेड-अॅसिड बॅटरी इतकी खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

आता चारपाचशेचं मल्टिमीटर घ्या

दाराजवळच्या शोभेच्या मीटरवर विसंबू नका. ते लांब वायरच्या टोकाला असतं आणि त्या वायरवर आणखी दहा गोष्टी जोडलेल्या असतात. मोजायचं ते थेट बॅटरीच्या टर्मिनलवर.

लेड-अॅसिड बॅटरी काही तास विसावलेली, म्हणजे ना चार्जिंग ना भार, असताना 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली म्हणजे रिकामी झालीच. चार्जिंग काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो, म्हणून विसावा महत्त्वाचा. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर हे आकडे विसरा. तिचा बराचसा साठा 13.3 ते 13.0 या एवढ्याशा पट्ट्यात संपतो, त्यामुळे व्होल्टवरून काही कळत नाही. तिला शंटचं मीटर लावून घ्या, जे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजतं.

दुसरं मोजमाप याहून महत्त्वाचं. इंजिन चालू करा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर मोजा. पुढे 14.1 आणि मागेही 13.9 असेल तर वाट ठीक. पुढे 14.1 आणि मागे 13.2, तर मधे अडतंय. पुढे 14.1 आणि मागे 12.4, तर मागे काही पोहोचतच नाही. पुढेच 13 च्या खाली असेल तर खालचा स्मार्ट अल्टरनेटरचा भाग वाचा (अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र). या दोन-तीन आकड्यांनी अर्धं निदान होतं, म्हणून ते तारखेसकट वहीत लिहा.

टर्मिनल, अर्थ आणि खाडीची हवा

हात घालण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. मायनस आधी सोडायचा, जोडताना मायनस शेवटी. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. बॅटरीच्या दोन टोकांना पाना टेकला तर तो लाल होईपर्यंत तापतो.

आपल्या भागात खाडीची दमट, खारट हवा आहे, त्यात गाडीखाली पेटीत बसवलेली बॅटरी चार महिने पावसाच्या पाण्याचे फवारे झेलते. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमते. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ब्रशने साफ करा, कोरडं करा, घट्ट कसा आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. साध्या लेड-अॅसिड बॅटरीच्या झाकणांतून सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका.

बाहेरून चकचकीत दिसणारं लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेलं धातूचं कडं, तेही आतून काळं असू शकतं. लगाच्या मागे वायर वाकवून बघा, कडक आणि करकरीत लागली तर आवरण थोडं सोला. तांब्याचे धागे काळे पडले असतील तर तेवढा तुकडा कापून नवं लग दाबून घ्यावं लागतं. पक्कडीने दाबलेलं लग पुरत नाही, जाड वायरला हायड्रॉलिक पंचच हवा.

सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो अर्थमध्ये. मागच्या बॅटरीचा मायनस बॉडीला कसतात, पण रंग न खरवडता. काही महिने चालतं, मग स्क्रूभोवती गंज धरतो. तपासणी सोपी आहे: फ्रीज, पंखे, दिवे, पंप सगळं चालू करा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं गाडीच्या उघड्या धातूवर ठेवा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड काढा, धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून कसा. तशीच परीक्षा फ्यूजच्या दोन्ही बाजूंची घ्या. फ्यूज शाबूत असतो, पण त्याचा प्लॅस्टिकचा होल्डर आतून वितळलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतं.

खारघरचे एक काका गाडी घेऊन आले ते म्हणाले, "दादा, आता आणखी एक बॅटरी घ्या म्हणू नका, एवढीच विनंती." त्यांच्या गाडीत अर्थच्या बोल्टवर जवळजवळ एक व्होल्ट अडत होता. बोल्ट काढला तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. पॉलिश पेपर आणि एक नवा बोल्ट, एवढाच खर्च. आधी काढून ठेवलेली बॅटरीही त्यांनी जपून ठेवली होती, चार्ज करून भार लावला तर तीही चांगली निघाली.

वायर जाड आहे का?

इथून खर्च वाढतो, आणि बांधणीतला सर्वांत मोठा दोष इथेच असतो. पुढून मागे बॅटरीपर्यंत 6 स्क्वेअर एमएमची वायर ओढतात, कारण 30 अँपिअर तिच्यातून जातात. जातात हे खरं, वायर जळत नाही. पण पोहोचताना व्होल्टेज उरत नाही. उंच इमारतीच्या वरच्या मजल्याला टाकीतून बारीक पाइपने पाणी दिलं तर नळाला धार लागत नाही, तसंच हे.

हिशोब करून बघा. पाच मीटर जायचं, पाच मीटर यायचं, एकूण दहा मीटर 6 स्क्वेअर एमएम तांबं, 30 अँपिअर: मधे जवळपास 0.9 व्होल्ट हरवतो. अल्टरनेटर 14.1 देतो, बॅटरीला मिळतात 13.2. लेड-अॅसिडला पूर्ण भरायला 14.4 च्या आसपास लागतात. 13.2 वर ती कितीही वेळ ठेवा, अर्धवटच राहणार, आणि अर्धवट राहणारी बॅटरी सल्फेट धरून लवकर मरते. दर वर्षी बॅटरी बदलणाऱ्यांचं मूळ कारण बहुतेकदा हेच असतं. तीच वायर 25 स्क्वेअर एमएमची केली की तोटा 0.2 व्होल्टवर येतो.

फ्रीजलाही हेच लागू. दिव्यांच्या 1.5 स्क्वेअर एमएम वायरवरच फ्रीज जोडलेला असतो. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दुप्पट-अडीचपट करंट ओढतो आणि तेवढ्यात व्होल्टेज कोसळून फ्रीज स्वतःला बंद करतो, बॅटरीत साठा असूनही. फ्रीजला बॅटरीपासून स्वतंत्र 6 स्क्वेअर एमएम वायर आणि स्वतःचा फ्यूज द्या. हे काम एका दुपारचं आहे.

बीएस-6 गाडी आणि रिलेचं न जुळणं

एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या कित्येक गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर आला. जुना अल्टरनेटर इंजिन चालू असेपर्यंत 14 च्या आसपास देत राहायचा. नवा पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला स्वतःचं व्होल्टेज खाली आणतो, आणि गाडीचा वेग कमी होताना पुन्हा चढवतो. मागची बॅटरी जोडणारा रिले साधारण 13.3 ला जोडतो आणि 12.8 ला सोडतो. म्हणजे घाटात उतरताना जोडला, महामार्गावर सोडला. लांबचा प्रवास करूनही मागची बॅटरी उपाशी, आणि रिले मात्र अगदी ठीक. रिले बदलत बसण्यात अर्थ नाही. इथे डीसी-डीसी चार्जर लागतो, जो पुढून येईल ते व्होल्टेज उचलून मागच्या बॅटरीला हवं तसं करून देतो.

डीसी-डीसी चार्जर आधीच असूनही भरत नसेल तर दोन गोष्टी बघा. इग्निशनची सिग्नल वायर त्याला जोडलेली आहे का, नाहीतर तो चालूच होत नाही. आणि आतलं बॅटरीच्या प्रकाराचं सेटिंग बरोबर आहे का. लेड-अॅसिड काढून लिथियम घातली आणि सेटिंग तसंच राहिलं, हे फार वेळा सापडतं. लिथियम थेट रिलेवर जोडली असेल तर तीही धोक्याची गोष्ट आहे: ती एवढा करंट ओढते की घोडबंदर रोडच्या कोंडीत, इंजिन आयडलवर असताना, अल्टरनेटर तापून जातो.

अपेक्षाही हिशोबात ठेवा. 30 अँपिअरचा चार्जर एका तासात फार तर 30 अँपिअर-अवर देणार. ठाण्याहून लोणावळ्याला दोन तासांत 60. 200 ची बॅटरी त्यात भरत नाही, आणि नेरूळ ते वाशी फेऱ्यांनी तर नाहीच. छतावरच्या सोलरवर भिस्त असेल तर गाडी स्टिल्टखाली उभी असताना तो शून्य देतो आणि जुलैच्या ढगांत अगदीच थोडं. पावसाळ्यात सहलीच्या आदल्या रात्री घरच्या प्लगवर बॅटरी भरणं हाच खात्रीचा मार्ग. त्यासाठी सोसायटीची परवानगी घ्या, जाड एक्स्टेन्शन वापरा आणि त्याची गुंडाळी पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

आणि शेवटी बॅटरी

वरचं सगळं नीट निघालं तरच इथे या. बॅटरी पूर्ण भरा, विसावू द्या, मग 5 अँपिअरचा माहीत असलेला भार लावा, म्हणजे 60 वॉटचा जुना हेडलाइट बल्ब. 100 अँपिअर-अवरची निरोगी लेड-अॅसिड बॅटरी दहा तासांनी 12 च्या आसपास असायला हवी. चार तासांतच तिथे आली तर ती गेली. लिथियमच्या टर्मिनलवर एकदम शून्य किंवा अगदी कमी दिसलं तर घाबरू नका, तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) कट केलेलं असू शकतं. लिथियमसाठीचा, तिला जागं करू शकणारा चार्जर लावून बघा.

नवी घेताना घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी झोपायच्या पलंगाखाली बसवू देऊ नका. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. सीलबंद घ्या, नाहीतर बाहेर हवा जाणाऱ्या बंद पेटीत ठेवा.

कुठे थांबायचं

बॅटरी फुगलेली दिसली, कुजक्या अंड्यासारखा वास आला, किंवा एखादी वायर हाताला चटका देण्याइतकी तापली, तर तपासणी तिथेच थांबवा. दारं उघडा, स्पार्क होईल असं काही करू नका, माणसाला बोलवा. बॅटरीच्या पेटीजवळ गॅसचा वास आला तरी तेच, आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

फ्यूज एकदा उडाला तर बदला. लगेच पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. मोठा फ्यूज घालून गाडी पळवू नका, आग अशीच लागते.

230 व्होल्टच्या बाजूला, म्हणजे बाहेरचा प्लग, इन्व्हर्टरचं आउटपुट, आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच), यांना स्वतः हात लावू नका. पत्र्याच्या गाडीत अर्थ चुकला तर पायरीवर ओला पाय ठेवणाऱ्याला शॉक बसतो. त्याला परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा. लिथियम बॅटरीचं झाकण उघडायचं नाही, इंजिनच्या ईसीयूच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, वायरी छेडायच्या नाहीत, आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी बांधणाऱ्याला लेखी कळवा. बांधणीत मोठा बदल होणार असेल तर आरसीवर नोंद लागते का तेही आरटीओत विचारून घ्या.

काम दुसऱ्याकडे देताना त्याच्याकडून चार गोष्टी ठरवून घ्या: दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसजवळ, वीतभर अंतराच्या आत फ्यूज; वायर गाडीखालून जाते तिथे कंड्यूट, म्हणजे संरक्षक नळी; पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेचं रबर; आणि बॅटरी, फ्यूज, रिले यांच्यापर्यंत गादी न उचलता हात पोहोचेल असं झाकण. तुमच्या वहीतले आकडे त्याला दाखवा: विसावलेलं व्होल्टेज, इंजिन चालू असताना पुढचं आणि मागचं, भार असताना अर्थवरचं. ते न बघता, मीटर न लावता त्याने थेट नव्या बॅटरीचा भाव सांगितला, तर गाडी तिथे सोडू नका.